उभी राहिली की तापते

काटा पुन्हा लाल रेघेकडे सरकला आणि मगन मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. शहाद्याहून नंदुरबारपर्यंत तासभर ही गाडी गरीब गाईसारखी आली होती. काटा जागचा हलला नव्हता. आणि इथं, कॉलनीतल्या या निळ्या फाटकासमोर येऊन उभी राहिली, तर वीस मिनिटांत तिला ताप भरला!

“देख,” स्टिअरिंगवर बसलेले रूपचंद आप्पा म्हणाले. “मी खोटं सांगस का?”

खोटं नव्हतंच. दोन महिन्यांत गाडी दोनदा मगनच्या शहाद्यातल्या गॅरेजला येऊन गेली होती. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन काढला. गॅरेजात दहा मिनिटं चालू ठेवून पाहिली, तर पंखा बरोबर वेळेवर फिरला. पण रविवार उजाडला की आप्पांचा फोन. पळते तोवर ठीक, उभी राहिली की तापते. वर आप्पा आपल्या गावात, सारंगखेड्यात, चारचौघांत सांगत सुटले की मगनच्या हाताला आता यश राहिलं नाही. तीस वर्षं इंजिनात हात काळे केलेल्या माणसाला हे भारी झोंबलं. म्हणून तो हट्टाला पेटला, की जिथं तापते तिथंच मला घेऊन चला. आप्पांनी आठवडाभर आढेवेढे घेतले आणि मग कुठं आणलं.

आणलं, पण मगनचं डोकं आणखीच चक्रावलं. इथं ना सिग्नल, ना गर्दी. गाडी उभी, इंजिन चालू, आणि माणूस आतच बसलेला. असं कोणी करतं का?

“आप्पा, बंद करी द्या ना. डिझेल कसाले जाळतस?”

“ऱ्हाऊ दे चालू.”

“पन आठे काम काय शे?”

 आप्पांची नजर फाटकाच्या आत होती. अंगणातल्या दोरीवर धुणं वाळत होतं. एक साडी, एक शर्ट, आणि ओळीनं पाच-सहा इवलीशी झबली.

“ममतानं घर शे ते,” आप्पा हळूच म्हणाले.

मगन गारच पडला. ममताची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती! आप्पांची एकुलती एक लेक. तिनं नवापूरकडच्या डोंगरातल्या दानियल मास्तराशी लग्न केलं, तेही ऑफिसात सह्या करून. जात वेगळी, देव वेगळा. तेव्हा आप्पा भर रस्त्यात गरजले होते, की मेलो तरी तुझ्या दारचं पाणी पिणार नाही. या गोष्टीला अडीच वर्षं झाली. आप्पांच्या घरात त्या पोरीचं नाव निघत नाही, असं अख्खं गाव सांगतं. आणि म्हातारा दर रविवारी इथं!

“पोर व्हयनी का पोऱ्या, तेबी माले माहीत नही,” आप्पा म्हणाले. “झबलांवरथून समजस का काही?”

“मंग उतरा ना! फाटक वाजाडा, इचारा!”

“म्हनीसनच चालू ठेवस रे,” आप्पा म्हणाले. “बंद करी तर उतरनं पडी.”

 मगन खाली उतरला आणि बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं. निदान इथलं तरी त्याला समजत होतं. वाफेचा वास येत होता. पंखा थांबलेला. अरेच्चा, मघाशी तर फिरत होता! त्यानं पान्ह्याच्या मुठीनं पंख्याच्या मोटरवर हलकेच टकटक केलं. पंखा भर्रकन फिरला.

अस्सं! मोटर आतून झिजली होती. थंड असताना फिरायची, तापली की अडकायची. पळताना वाऱ्यानंच भागायचं, आणि गॅरेजात दहा मिनिटांत हे दिसणार कसं? मगनला आनंदानं ओरडावंसं वाटलं. आता बघू कोण म्हणतं हाताला यश नाही! नवी मोटर बसवली की ही गाडी दिवसभर उभी केली तरी तापायची नाही.

दिवसभर. मगनचा हात तिथंच थांबला.

“सापडनं का रे?” आतून आप्पांनी विचारलं.

मगननं समोर पाहिलं. घराच्या खिडकीतला पडदा जरासा बाजूला झाला होता. मागं कोणीतरी उभं होतं. तेही किती रविवार असं उभं राहिलं असेल, देव जाणे.

त्यानं दोन बोटांनी पंख्याच्या वायरीची जोडणी उपटली. पंखा थांबला. जरा वेळानं बॉनेटमधून वाफ फुसफुसत वर आली.

“नही सापडनं, आप्पा,” तो मान खाली घालून म्हणाला. “मन्ही अक्कलच चालत नही. बंद करा लवकर, नहीतर इंजिन जाई. आनि पानी लयी या कोठून तरी.”

तापल्या इंजिनात कोणी लगेच गार पाणी ओतत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आप्पांना त्या घडीला काही सुचत नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली. ते उतरले, धोतर सावरलं, डावीकडचं घर पाहिलं. कुलूप. उजवीकडं मोकळा प्लॉट. मग ते निळ्या फाटकापाशी गेले आणि कडीला हात लावून नुसतेच उभे राहिले. कडी वाजवायची वेळच आली नाही. दार आतून उघडलं.

मगन टायरला टेकून बसला. इंजिन केव्हाच गार झालं. पाऊण तासानं आप्पा बाहेर आले. डोळे लाल, हातात पितळी तांब्या.

“लयनात का पानी?” मगननं विचारलं.

आप्पांनी तांब्या उलटा करून दाखवला.

“मीच पी टाकं.”