पाटावरचा मोबाइल

सणाचा दिवस, अन् दयानंद आतल्या खोलीत लॅपटॉप उघडा टाकून पसरला होता. "आधी बायकोनं हाका मारायच्या, मग आईनं, तवा हा उठणार," केवळाबाई कुरकुरल्या. "इकडं मामाला ओवाळायचंय, अन् भाच्याचा पत्ता न्हाई."

बाहेरच्या खोलीत त्यांनी पाट मांडून भोवती रांगोळी काढली. पाटावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. हणमंतराव तिकडं इस्लापूरला अंथरुणाला खिळलेले. नांदेडला येणं होणार नव्हतं. केवळाबाईंनी बापाच्या शेतातला वाटा मागून घेतला, तेव्हापासून भाऊ भाऊबीजेला आलाच नव्हता. यंदा त्यानंच आपल्या सुनेकरवी निरोप धाडला, ताईला म्हणावं व्हिडिओवर ओवाळ.

फोन लागला. हणमंतराव उशीला टेकून बसलेले, डोक्यावर टोपी. केवळाबाईंनी ओवाळलं. ताट खाली ठेवता ठेवता, आजवर कुणापुढं न नमलेल्या त्या बाईनं तोंड उघडलं.

"हणमंता, वाटा मी हक्काचाच घेतला. पण तुला न इचारता परस्पर तहसीलात गेले, ते चुकलं माझं. मनात ठेवू नको."

हणमंतरावांचे डोळे खाली होते. ते वर आले नाहीत. ओठही हलले नाहीत.

"आत्याबाई, नेट अडकलं वाटतं," दयानंदची बायको सुकन्या शेजारून म्हणाली.

"नेट न्हाई. मी वळखते याला. समोरच्याला हात जोडायला लावायचं अन् आपण गप बसायचं." केवळाबाईंनी आणखी थोडं थांबून पाहिलं. मग ताट बाजूला सारलं.

"असा भाऊ असण्यापरीस नसलेला बरा."

पडद्यावरचा चेहरा हलला. हणमंतराव सरळ त्यांच्याकडं बघत होते.

"मघाधरनं तुझा आवाजच येईना, ताई," ते हळू म्हणाले. "एवढंच ऐकू आलं."

पडदा काळा झाला.

सुकन्या आत धावली. दयानंदनं सुट्टीत बघायला म्हणून लॅपटॉपवर पिक्चर उतरवायला लावले होते. सकाळपासून एकामागं एक उतरून राहिले होते, अन् घरातलं सगळं नेट तिकडंच ओढलं जात होतं. तो ते बंद करून घाईघाईनं बाहेर आला. त्यानं मामाला पुन्हा फोन लावला. तिकडून कापला. परत लावला. परत कापला.

"मी आजच इस्लापूरला जातो," तो म्हणाला. "मामाला सांगतो, नेट माझ्यामुळं अडकलं म्हणून."

केवळाबाई पाटासमोरून उठल्या नव्हत्या.

"जा, सांग. अडकलं ते तुझ्यामुळं," त्या म्हणाल्या. "पण पोचलं ते माझंच होतं, दया."