पहिला घास

"भूक ही देवानं घेतलेली परीक्षा असते आणि या घरात पर्यवेक्षक मी आहे!" सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं. उपास सगळ्यांचा, पण संध्याकाळी त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही, हा त्यांचाच कायदा.

यंदा त्या वजन उतरवायचं इंजेक्शन घेत होत्या. "कडक उपास करू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं; पण देवापुढे डॉक्टरला कोण विचारतो? इंजेक्शननं भूक मेलेलीच होती. दिवसभर ताठ मानेनं फिरत त्या सुनेला ऐकवत राहिल्या, "एवढ्यात तोंड उतरलं? आमच्यासारखं मन घट्ट लागतं, बाई!"

संध्याकाळी ताटं वाढली. सासूबाईंनी घास तोंडाशी नेला आणि पोटात ढवळून आलं. पुन्हा नेला, पुन्हा खाली ठेवला. मुलगा आणि सून त्यांच्या हाताकडे टक लावून बसले होते.

"अगं, गिळ की एकदाचा!" त्यांचे यजमान कळवळले.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

 

"डॉक्टर, भूक लागायचं इंजेक्शन असतं का हो? एका घासापुरतंच हवंय."