शुक्रवारचा सर्जन

सोमवारी न्यायाधीश. मंगळवारी पाकीटमार. बुधवारी आंधळा पियानोवादक. गुरुवारी सात मुलींचा बाप. शुक्रवारी सर्जन.

दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या बाबांनी आपल्या लाडक्या म्हाताऱ्या नटाचे पाच सिनेमे माझ्या मोबाइलवर पाहिले आणि शनिवारच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला. शुक्रवारच्या सिनेमात पेशंट टेबलावरच गेला होता.

“अहो बाबा, तो नट आहे!”

“म्हणून तर! या भूमिकेसाठी तो नऊ महिने ऑपरेशनं बघत उभा होता. त्याला जमलं नाही, तिथे हे काय दिवे लावणार?”

‘हे’ म्हणजे समोर उभे असलेले डॉक्टर.

“काका, मी बाराशे ऑपरेशनं केलीत.”

“आणि त्याने एकही नाही. तरी हाताची सफाई बघा!”

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. “त्याची चूक नव्हतीच, काका. भूल देणाऱ्याने घोळ घातला. तुम्ही नीट पाहिलं नाहीत.”

बाबा उठून बसले. “तरीच! तो चुकेल कसा?” मग एकदम सावध झाले. “आपल्याकडे भूल कोण देणार?”

भूलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाबांनी चष्मा लावून त्यांना निरखलं.

“यांना कुठल्याच सिनेमात पाहिलेलं नाही,” ते समाधानाने म्हणाले आणि माझ्याकडे पेन मागितलं.

डॉक्टरांनी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो पुढच्या वर्षी, आमच्या घरी, बाबांच्या शेजारी बसून.