गढी कुणी पाडली

"गढीला तट बांधा. सीमेपलीकडून स्कॉट लुटारू आले की बायकापोरांसकट आत या," असं गावच्या मालकांनी सांगितलं, म्हणून एमॉटने गरोदरपणातही ओढ्यातले दगड वाहिले.

पुढच्या हिवाळ्यात स्कॉट आले. गढीचं दार बंद होतं.

"कारभारी, उघडा की," कडेवरचं पोर सावरत ती म्हणाली. "हा तट आम्हीच बांधलाय."

कारभारी वरून वाकला. "म्हणून तर मजबूत झालाय. जागा नाही गं, मालकांची मेंढरं आहेत आत."

मेंढरं तेवढी वाचली.

उन्हाळ्यात मालक सगळे शिपाई घेऊन फ्रान्सच्या लढाईवर गेले. एमॉटने तटाचा एक दगड उपसला आणि पोराच्या थडग्यापाशी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव दगड न्यायला गाडे जुंपून आला.

उरलेल्या भिंतीपाशी आता, शेकडो वर्षांनी, पाटी आहे : 'ही गढी स्कॉटांनी उद्ध्वस्त केली.'