घोट्यातला लांब स्क्रू

डॉक्टरांनी लांब स्क्रू स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. टण्ण आवाज झाला. पाय तिचाच होता, पण इंजेक्शनमुळे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून होता.

"हा दोन हाडं एकमेकांशी धरून ठेवायला घातला होता," डॉक्टर म्हणाले. "आता याचं काम संपलं. प्लेट आणि बाकीचे बारके स्क्रू राहू देत आत. टाके निघाले की मोकळेपणानं चाला. फक्त जिन्यावर इतक्यात वजन उचलू नका."

नवरा दाराशी उभा होता. "बरं," तो म्हणाला.

या 'बरं'ला ती विटली होती. तिने केस खांद्यापर्यंत कापले, तेव्हा बरं. नोकरी सोडली, तरी बरं. नळ गळतोय म्हटलं, बरं, आणि नळाखाली बादली आली. भांडायचं म्हटलं तरी समोर कुणीतरी लागतं. याच्यापेक्षा भिंत परवडली, ती आवाज तरी परत देते.

म्हणून तर ती निघाली होती. तो कामावर गेल्यावर तिने बॅग भरली, थोरल्या बहिणीला फोन केला आणि दाराला कुलूप घातलं. जिना उतरताना बॅगेचं चाक पायरीच्या कडेला अडकून निखळलं. बॅग पुढे गेली आणि तिच्यामागून ती. घोट्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. शेजाऱ्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. "जुने कपडे द्यायला चालले होते," कळवळताना ती एवढंच म्हणाली. तेव्हाही तो "बरं" म्हणाला.

ऑपरेशन होऊन घरी आली, तर कपडे बाहेरच्या खोलीतल्या कपाटात लागलेले होते. बॅगेत घातलेला आईचा फोटो परत खिळ्यावर होता. एवढी आवराआवर करूनही या गृहस्थाच्या डोक्यात एक प्रश्न उगवला नव्हता. तिला त्याचं हसूही आलं नाही. बहिणीला तिने फोनवर सांगितलं, "स्क्रू निघाला की येते."

मग नुसते दिवस गेले. आंघोळीआधी तो प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवून चिकटपट्टी लावायचा. न्हाणीघरात स्टूल ठेवायचा. रात्री पायाखाली उशा रचायचा. ती पाय पुढे करायची, तो धरायचा. तिला राग येत नव्हता आणि बरंही वाटत नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर तो जखमेच्या कडेला मलम लावू लागला. तिथली कातडी बधिर झाली होती. त्याचं बोट फिरताना दिसायचं, पण कळायचं नाही.

टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतल्या खोलीत पडून त्याच्या जाण्याची वाट बघत राहिली. त्याची नेहमीची वेळ टळून गेली तरी दार वाजलं नाही. शेवटी ती उठून बाहेर आली.

तो बूट घालून खुर्चीवर बसला होता. दाराजवळ तिची बॅग उभी होती, फुगलेली. तिचं एक चाक नवं कोरं होतं. भिंतीवर नुसता खिळा होता.

"तू भरली होतीस तशीच भरलीय," तो म्हणाला. "फोटो शालीत गुंडाळून मधोमध. तसाच होता ना?"

तिने कशीबशी मान हलवली. "माहीत होतं तुम्हाला?"

"आईचा फोटो कोण जुन्या कपड्यांत देईल?"

आता मात्र तिला संताप आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी आलं. ज्याला काही दिसत नाही म्हणून घर सोडायचं, त्याला सगळं दिसत होतं.

"मग विचारलं का नाहीत? एका शब्दानं तरी?"

तो बुटांकडे बघत राहिला. "तुला उठून जाता येत नव्हतं," तो म्हणाला. "अशा माणसाला काय विचारायचं?"

आत नळ गळत होता.

"आता येतंय," ती म्हणाली आणि थांबली. आता 'बरं' येणार, असं तिला वाटलं.

तो उठला. त्याने बॅग चाकांवर न ओढता उचलून घेतली आणि दार उघडलं.

"ही खाली ठेवतो आणि तुला न्यायला वर येतो," तो म्हणाला. "तोवर एकटी उतरू नकोस."