कुंपणावरच्या चपला

"काय नशीबवान आहात हो! ना घाई, ना घड्याळ. आम्हाला कधी जमायचं असं?" सहलीला आलेले नाशिकचे गृहस्थ शहाळं पीत म्हणाले. अच्युतराव नुसते हसले आणि ओहोटी लागली म्हणून धक्क्याकडे निघाले.

दोन वर्षांपूर्वी तेही बायको सुलभा आणि मुलगी रेवा यांना घेऊन या बेटावर आठच दिवसांसाठी आले होते. पाचव्या दिवशी रेवा होडीतून गेली ती परतलीच नाही. शोध थांबला, परतीची बोट त्यांच्यावाचून गेली आणि ही दोघं झावळ्यांच्या खोपटात राहून गेली. भात-आमटी, दुपारची झोप, दारात समुद्र. नशीबवान म्हणे!

समुद्राने परत टाकलेल्या चपला इथले कोळी धक्क्यावरच्या कुंपणाला अडकवून ठेवत. ज्याची असेल त्याने न्यावी. आज तिथे उजव्या पायाची निळी चप्पल होती. रेवाच्या या चपलेचा तुटलेला अंगठा तांब्याच्या तारेने त्यांनीच जोडून दिला होता.

सुलभाला दाखवायची कशी? रोज "मिळालं का हो काही?" एवढं विचारण्यावर तर ती जगत होती. चप्पल सदऱ्याखाली लपवून ते खोपटामागे गेले आणि केवड्याच्या बुंध्याशी वाळू उकरू लागले. हातभर खोल गेल्यावर बोटांना कापड लागलं. सुलभाच्या जुन्या साडीच्या तुकड्यात डाव्या पायाची निळी चप्पल गुंडाळलेली होती.

आतून हाक आली, "आलात? मिळालं का हो काही?"

"नाही गं," ते म्हणाले. "उद्या बघू."