बाकावरचा दुसरा पाठ

शिकाऊ शिक्षिका पाठ संपला की रोज आपली रोजनिशी लिहायची. ती चाळून मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "अगं, पानभर नुसतं 'मी हे केलं, मी ते केलं'. यात मुलं कुठे आहेत?"

तिला ते चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा पाठ चालू असताना ती रोजनिशी मांडीवर घेऊन वर्गात कडेला बसली. नजर आधी गेली ती एका मुलीवर; मनातल्या मनात ती तिला 'बडबडी' म्हणायची. आपल्या पाठात दोनदा रागावूनही त्या मुलीच्या तोंडाला कुलूप लागलं नव्हतं.

मैत्रीण बोलत बोलत फळ्याकडे वळली. तशी बडबडी शेजारणीकडे वळली आणि फळ्यापाशी चाललेलं प्रत्येक वाक्य हळू आवाजात, ओठ ठळक हलवत बोलू लागली. शेजारीण तिच्या ओठांवर डोळे लावून वहीत उतरवत होती. मैत्रीण पुन्हा वर्गाकडे वळताच बडबडी गप्प.

शिक्षिकेच्या आता लक्षात आलं. आपला प्रत्येक पाठ ही चिमुरडी बाकावर पुन्हा शिकवत होती!

सुट्टीत ती बडबडीजवळ गेली. "हिला ऐकू येत नाही?"

"कमी येतं, बाई. ओठ दिसले की कळतं तिला."

"मग मी रागावले तेव्हा सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही रागावलात आणि लगेच फळ्याकडे वळून शिकवायला लागलात. मग तुम्हाला सांगत बसू, की हिला?"